मस्कतला गेलेल्या प्रार्थना

आता काय सांगू माझ्या वेंधळेपणाचं! आधी चहा संपवा, हसताना सांडेल.

पूर्णेजवळच्या एका शाळेत मी शिवण शिकवायचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आमचे हे मस्कतला वेल्डर. दोन वर्षं तोंड पाहिलं नव्हतं. पत्रात मन मावतं का हो? म्हणून आम्ही एकमेकांना कॅसेटी भरून पाठवायचो. ह्यांनी धाडलेला टेप म्हणजे माझा जीव!

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. पोरंसुद्धा जात बघून बाकं बदलून बसायला लागली होती. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचा टेप आणा. नववीला सगळ्या धर्मांच्या प्रार्थना ऐकवू. जरा एकमेकांचं ऐकू द्या."

मग काय विचारता! काकडआरती, अजान, बुद्धवंदना, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, रेल्वे दवाखान्यातल्या नर्सबाईंची येशूची प्रार्थना, सगळं भरलं. मधेमधे माझा करडा आवाज: "मी सांगेपर्यंत जागेवरून कुणी उठायचं नाही!"

त्याच आठवड्यात ह्यांच्यासाठीही कॅसेट भरली. दोन्ही दिसायला सारख्या. नाव कोण घालतंय? एक मस्कतला टाकली, एक शाळेत नेली.

"हात जोडा, डोळे मिटा," हेडमास्तर म्हणाले. स्वतःही मिटले. मी बटण दाबलं.

"अहो, ऐकताय ना? साडी नको, घड्याळ नको. पेरूला पहिल्यांदाच फळ धरलंय, तुमच्याशिवाय तोडवत नाही. कडी वाजली की तुम्हीच वाटता. या ना आता…"

अगं बाई! धावले, तर बटण अडकलेलं. वायर ओढावी हे सुचेल तर शप्पथ!

मागून मंगल कुजबुजली, "ही कोन्त्या धर्माची हाय गं?"

"गप! बाईच्या घरची हाय."

"शांत!" हेडमास्तर डोळे न उघडता म्हणाले. "प्रार्थना चालू आहे."

आणि मस्कतला? महिन्यानं ह्यांची कॅसेट आली.

"अजान लागली, खोलीतला खान गहिवरला. येशूची लागली, केरळचा थॉमस रडला. सरदारजीनं तर माझे हातच धरले. मी आपला तुझ्या आवाजाची वाट बघत बसलो. आला एकदाचा. म्हणालीस, सांगेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. साहेब सुट्टी देत होता गं. म्हटलं नको, घरून हुकूम आलाय."

मी डोक्यावर हात मारला. लगेच नवी कॅसेट लावली. उन्हाळा, पेरू, रिकामं अंगण, दोन्ही बाजू भरून बोलले, रडले, "उठा आणि या" म्हणाले. पोस्टात टाकून आले. नंतर टेपकडे बघते तर लक्षात आलं, रेकॉर्डचं बटण दाबलंच नव्हतं! नुसती खरखर गेली मस्कतला.

आता कसले येतात, म्हणून मी आशाच सोडली. वर्गात रोज पोरी विचारायच्या, "बाई, काका आले का?" झाडावरचे पेरू राघूंनी संपवले.

आणि एक दिवस दारात हे! हातात बॅग, चेहरा पांढरा.

"काय झालं गं घरी?"

"कुठं काय? तुम्ही कसे आलात?"

"अगं, दोन्ही बाजू ऐकल्या. तू एवढा वेळ गप्प बसलीस, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर झालंय, म्हणून पळत आलो!"