साडूभाऊंची चाफ्याची काडी

चांगली बातमी ऐकून घाबरणारा माणूस अख्ख्या सुरत शहरात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. वाईट बातमीचं त्यांना काही वाटत नाही. ती ऐकून ते शांतपणे चहा पितात. पण कुणाचं काही बरं झालं म्हणून सांगा, लगेच कपाळावर आठ्या. माझ्या लग्नाच्या पंगतीत सगळे जिलबीची तारीफ करत होते, तेव्हा हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाव्हणं, जेवण फार चांगलं झालंय. पुरणार नाही." नाहीच पुरलं. कडोदऱ्याला मी फ्लॅट घेतला तेव्हा पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "लिफ्ट आहे? मग बंदही पडत असेल." त्याच संध्याकाळी आम्ही दोघं तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकून उभे होतो. आणि एका दिवाळीला गावी निघालो, तर उधन्याला मी धावत जाऊन चक्क दोन खिडक्या पकडल्या. दिवाळीत, खानदेशच्या गाडीत, खिडकी! मी छाती फुगवून बसलो. साडूभाऊ पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, "एवढी रिकामी गाडी आपल्याकडं कशाला जाईल?" गाडी तापीच्या पुलावर चढली तेव्हा मला कळलं, आपण गावाच्या उलट दिशेला, भरूचला चाललोय.

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते कापड रंगवतात. यंदा साड्यांत कोणता रंग चालणार, हे बाजाराच्या आधी त्यांच्या नखांवर दिसतं. अशा माणसाबरोबर हसत संसार करणारी बाई एकच, माझी मेहुणी. ते "आता काही खरं नाही" म्हणाले की ती म्हणायची, "खरं नसू द्या, येताना मेथी आणा." गेल्या वर्षी ती गेली. गावच्या घराच्या दारात तिनं नवी नवरी असताना लावलेला पांढरा चाफा होता. घर भावकीनं विकून टाकलं. घेणाऱ्याला तिथं दुकान काढायचं होतं, चाफा त्याच्या शटरच्या आड येत होता. साडूभाऊ पोचले तेव्हा झाड आडवं झालेलं. त्यातली एक धड फांदी उचलून, तान्हं मूल घ्यावं तशी मांडीवर घेऊन ते सुरतेत नवागामच्या खोलीवर परतले. तिच्या हातचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

ती फांदी त्यांनी लावलीच नाही. स्वयंपाकघरात कपड्यांच्या दोरीवर, टॉवेल आणि बनियनच्या मध्ये, टांगून ठेवली. मी जाऊन पाहिलं तर पानं गळालेली, टोकाला तेवढी चार कळ्यांची जुडी. बागकामात आपण पदवीधर असल्याच्या थाटात मी म्हणालो, "अहो, पाण्यात तरी ठेवा!" (आमच्या गॅलरीत निवडुंगसुद्धा पाणी जास्त झाल्यानं वारलंय, ही गोष्ट वेगळी.) ते म्हणाले, "चीक वाळू द्या. ओली जखम मातीत घालू नये." पुढं कापलेल्या टोकाला खपली धरली, तेव्हा कुठं रंगाच्या रिकाम्या डब्यात रेती भरून त्यांनी ती काडी खोचली आणि साडीच्या किनारीनं गॅलरीच्या गजाला बांधली.

वर्षश्राद्धाच्या सकाळी त्या काडीवर फूल उमललं. खालच्या मजल्यावरच्या गुजराती मावशी वर येऊन ओरडल्या, "अरे, आ तो फूल आव्युं!" पंधरा-वीस पाहुणे गॅलरीत जमले, माझी बायको बहिणीच्या आठवणीनं रडायला लागली, आणि साडूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला.

"फूल आलंय खरं," ते म्हणाले. "पण मुळं?"

"मुळं धरल्याशिवाय फूल येतं का कुठं?" मी किनार सोडली. "बघा, जागची हलते का!" आणि सगळ्यांसमोर काडी ओढली.

तुपातून चमचा यावा तशी ती वर आली. खाली एक तंतू नाही. चाफा आपल्या अंगातल्या चिकावर फुलतो, मुळांसाठी थांबत नाही, हे ज्ञान मला तेव्हा झालं. मावशी पुटपुटल्या, "शुं कर्युं, भाई?" बायकोनं ज्या नजरेनं पाहिलं ती सांगत नाही. फूल माझ्याच पायापाशी पडलं होतं.

साडूभाऊंनी काडी माझ्या हातून घेतली, रेती सदऱ्याला पुसली, टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. मी मान खाली घालून बोलणी खायला उभा. ते हळूच घरच्या अहिराणीत म्हणाले, "कोरडी शे. सडेल नई शे, पाव्हणं. सडेल नई शे."

काडी सडलेली नाही! त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली चांगली बातमी. आणि ती ऐकून या वेळी मी घाबरलो.

काडी परत दोरीवर गेली, वाळली, परत डब्यात आली. आता रविवारी गेलो की मला गॅलरीपासून लांबची खुर्ची मिळते. "पान आलं का?" मी तिथूनच विचारतो. "नाही," ते म्हणतात. म्हणजे बातमी वाईटच. त्यांनी शांतपणे चहा प्यायला हवा. पण कप हातात तसाच राहतो, चहावर साय धरते, आणि साडूभाऊ त्या डब्याकडे बघत बसतात.