माझ्या मायचं नाव बिफोर नाही

धुरपता. माझी माय. इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानात गहू-तूर निवडायची. १९७८ च्या दसऱ्याला, भर दुपारी, भर चौकात, भोंग्यावरून तिचा अपमान झाला.

आम्ही दोघी दीक्षेच्या मैदानावरून परतत होतो. मायच्या अंगावर पांढरी साडी. छप्पन साली हीच नेसून ती दीक्षेला उभी होती. साडी वर्षातून एकदाच पेटीतून निघायची. सोड्यात उकळलेली, नीळ दिलेली.

चौकात कपडे धुण्याच्या पावडरीची गाडी. टाय लावलेला माणूस भोंग्यावर ओरडत होता. सुपर पॉवर. डबल अ‍ॅक्शन. न्यू फॉर्म्युला. निम्मं कुणाला कळत नव्हतं, तरी तोंडं उघडी. त्यानं मायकडे बोट केलं.

"ओ सफेद साडीवाली बाई, इधर आओ. फ्री पॅकेट मिलेगा."

लोकांनी ढकललं. माय गाडीच्या फळीवर चढली.

त्यानं चाकाचं काळं ग्रीस बोटावर घेतलं आणि मायच्या पदराला फासलं. विचारलंसुद्धा नाही.

"ये है बिफोर."

पदर बादलीत घुसळला. मग खोक्यातून दुसरंच एक पांढरं फडकं काढून वर धरलं.

"और ये है आफ्टर."

टाळ्या. मायनं आपला पदर पिळून पाहिला. डाग तसाच.

"माह्या पदराचं काय, भाऊ?"

तो भोंग्यातूनच बोलला. "बाई, तुम्हारा मटेरियल ही लो क्वालिटी है."

सगळा चौक हसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात शेठ म्हणाला, "ये वं बिफोर." हमालांनी ते उचललं. नळावरच्या बायांनी उचललं. आमच्याच वस्तीतल्या पोरांनीही. "बिफोर, आफ्टर कधी होतं वं?" बघता बघता मायचं नाव संपलं. आणि माय त्या हाकेला ओ द्यायला लागली. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

डाग निघावा म्हणून तिनं पदर दगडावर घासला. इतका घासला की भोक पडलं. भोकाभोवती काळी कड उरलीच. पुढच्या दसऱ्याला मी म्हटलं, मैदानावर चल.

"बिफोर म्हणून जाऊ का तिथं? तू जाय."

गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मग मी शेठकडे गेले. "तिचं नाव धुरपता आहे. नावानं हाक मारा. नाहीतर मारूच नका."

शेठनं तागडीवरून मान वर केली नाही. "अवं, कौतुकानं म्हणतो. जाहिरातीची भाषा आहे. जरा मॉडर्न हो."

संध्याकाळी मायचं काम गेलं.

"काहून बोलली वं? आता खायाचं काय?"

माय आता लोकांची भांडी घासते. तिथंही तीच हाक पोचली आहे. पण मी बोलले ते परत घेणार नाही.

या दसऱ्याला गाडी पुन्हा येणार आहे. भिंतींवर कागद लागलेत. मी तीच साडी नेसून, भोकाचा पदर समोर धरून, भोंग्यापुढे उभी राहणार. एकाही बाईला त्या फळीवर चढू देणार नाही. मला ढकलतील. मलाही नाव ठेवतील. ठेवू द्या.

त्या गर्दीत तुम्ही असाल. मागच्या वेळीही होतात. या वेळी हसू नका. आणि माय नळावर दिसली तर तिला धुरपता म्हणून हाक मारा. ती ओ देणार नाही. पुन्हा मारा.