आत्याचं तारण चालू आहे

माझ्या बायकोच्या आत्याने आयुष्यात एकटीने केलेलं एकही काम कुणाला दाखवता येणार नाही. भिवंडीतल्या तिच्या रेशनकार्डावर एकटीचंच नाव आहे, पण मी कधीही गेलो तरी तिच्या पलंगावर कुणीतरी बसलेलं, ओट्यापाशी कुणीतरी उभं आणि दारात कुणीतरी "येऊ का?" म्हणून विचारत असतंच. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर दवाखाना सुटला, पेशंट सुटले नाहीत. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी गरम पाण्याचा शेक सांगितला, तर ही बाई घरी पाणी तापवायचं सोडून शेजारची खाला, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आणि त्यांच्या सासूबाई अशी वरात घेऊन एसटीने थेट अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली. खाला म्हणाली, "मेरे घुटने तो अच्छे हैं." आत्या म्हणाली, "मेरे अच्छे नहीं हैं ना. चलो." गुडघे एकटीचे दुखत होते, न्हाऊन मात्र चौघी आल्या. आत्याचे गुडघे होते तसेच राहिले, खालाची पाठ तेवढी दुखायची थांबली आणि आत्याने सगळ्या इमारतीला सांगून टाकलं की उपचार लागू पडला.

तिच्या तारणाचंही, म्हणजे आम्ही ख्रिस्ती लोक ज्याला आत्म्याचा उद्धार म्हणतो त्याचंही, असंच आहे. आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहानसं. काल्हेरला एका गोदामाच्या वर भाड्याचा हॉल आहे. खाली खोकी, वर आम्ही, आणि प्रार्थनेत डोळे मिटले की नेमका एखादा ट्रक मागे घेताना पिपाणी वाजवू लागतो. कधी बाहेरून उपदेशक येतात आणि साक्ष द्यायला सांगतात, म्हणजे आपलं तारण कोणत्या दिवशी झालं ते उभं राहून सर्वांना सांगायचं. आमच्यातल्या काहींना तारीख, वार, त्या दिवशी ऊन होतं की ढग, सगळं तोंडपाठ आहे. एकदा अशाच एका पाहुण्यांनी आत्याला विचारलं, "बाई, तुमचं तारण झालं का?" आत्या गुडघे धरून उभी राहिली आणि म्हणाली, "चालू आहे." पाहुण्यांना वाटलं, बाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी तो सोपा करून पुन्हा विचारला. मग आत्याने सविस्तर सांगितलं की बाप्तिस्मा झाला तेव्हा सुरुवात झाली, सासूशी पटायला लागलं तेव्हा गाडी जरा पुढे सरकली, पण या गोदामाच्या वॉचमनचा तिला अजून फार राग येतो आणि तो गेल्याशिवाय काम पुरं झालं असं तिला म्हणता येणार नाही. पाहुण्यांनी घाईघाईने पुढच्या माणसाला उभं केलं. मला मात्र ते उत्तर मनापासून आवडलं. माझंही तारण असंच रखडत चाललं आहे, फक्त त्याला चालू म्हणायचा धीर मला होत नव्हता.

आमच्या मंडळीत एक पेटीवाला आहे आणि एक ढोलकीवाला. दोघे जिवाभावाचे मित्र. पेटीवाला रिटायर्ड कारकून, त्याच्या मते जुनी गीतं संथच म्हणायची, प्रत्येक शब्द नीट मुरला पाहिजे. ढोलकीवाला गणेशपुरीकडच्या गावचा, काल्हेरात टेम्पो चालवतो, आणि त्याच्या मते देवाला इतकं ताटकळत ठेवणं बरं नव्हे. वर्षानुवर्षं ही ओढाताण प्रेमाने चालली होती. एका रविवारी मात्र ढोलकी कडवं संपवून मोकळी झाली तेव्हा पेटी दुसऱ्या ओळीवरच होती. लोक हसले. पेटीवाल्याने भर गीतात भाता मिटला, ढोलकीवाल्याने ढोलकी काखेत मारली आणि जिना उतरून गेला, तो परत आलाच नाही. कुणी बोलवायला गेलं की सांगायचा, "मी घरी मोबाईलवर उपासना करतंय. माजं तारण माज्यापाशी हाय, तिकडं यायची काय गरज न्हाय."

महिन्यातून एकदा आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकर आणि एका प्याल्यातला द्राक्षरस घ्यायचा. पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट आत्यासमोर आलं. तिने ते न घेता शेजारी दिलं, प्यालाही पुढे सरकवला. नजरचूक असेल, असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी उपासनेनंतर हळूच कारण विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "घरातलं एक माणूस रुसून बाहेर बसलेलं असताना बाई आपलं ताट वाढून घेते का? सगळे आले की वाढा मला." पाळकसाहेबांनी तिला समजावलं की प्रत्येकजण आपापला हिशेब देवाला देणार आहे. दवाखान्यात ती डॉक्टरांचं ऐकून घ्यायची, तसं तिने आदराने सगळं ऐकून घेतलं आणि केलं स्वतःच्याच मनाचं.

मग तिने ढोलकीवाल्याच्या घरी जायला सुरुवात केली. रविवारी आमची उपासना आटोपली की रिक्षा करून त्याच्याकडे जायची आणि त्याच्या मोबाईलसमोर मांडी घालून बसायची. उठायच्या जागी उठायची, बसायच्या जागी बसायची, आमेन इतक्या जोरात म्हणायची की शेजारी दार उघडून बघायचे. एकदा तिने मोबाईलकडे पाणी मागितलं. दोनदा मागूनही मिळेना, तेव्हा ढोलकीवाल्याला म्हणाली, "तुझी मंडळी चांगली आहे रे, पण म्हाताऱ्या माणसाला पाणी विचारत नाही." त्याने मुकाट्याने पाणी आणून दिलं. पण काल्हेरच्या हॉलचा जिना काही तो चढला नाही.

असे कितीतरी महिने गेले. मग आत्या घरातच पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण ताप उतरेना, अन्न जाईना. या वयात काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी माझ्या बायकोला स्पष्ट सांगितलं. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरी आले. आत्याने अंगावरचा पदर ओढून ताटावर झाकला. माझी बायको आत्यापुढे कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढला. आता तरी घे, उद्याचं कुणी पाहिलंय, म्हणून ती रागावली. आत्या तिच्याकडे बघत राहिली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "मी एकटीच तरले, तर तिथे जाऊन बोलू कुणाशी गं?"

बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी स्कूटर काढली आणि पेटीवाला, ढोलकीवाला, दोघांच्याही दारात जाऊन आत्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. माझ्याकडून त्यात काही घालायची गरज नव्हती.

पेटीवाला आधी आला आणि पलंगाच्या पायथ्याशी खाली मान घालून उभा राहिला. ढोलकीवाला उंबऱ्यातच थबकला. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून भाकर मोडली. आत्याने ताट पेटीवाल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "आधी त्याला दे. तुझ्या हाताने." पेटीवाल्याने तुकडा उचलला, पण हात पुढे जाईना. शेवटी तो दाराकडे बघून म्हणाला, "ये ना रे आत." ढोलकीवाला आत आला, त्याने घास घेतला आणि तो गिळायच्या आधीच हुंदके देऊ लागला. तशाच भिजलेल्या चेहऱ्याने त्याने आत्याला भरवलं. मग गीत म्हणायचं ठरलं. पेटी नव्हती, ढोलकी नव्हती, नुसते दोन गळे, तरीही एकाचं कडवं दुसऱ्याच्या आधी संपलंच. आत्या डोळे मिटून हसत होती. "भांडा," ती म्हणाली, "पण इथे बसून भांडा."

ताप उतरला, आत्या उठून बसली, पण तिला आता जिना चढवत नाही. तर या दोघांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. रविवारी रिक्षा आली की प्लास्टिकच्या खुर्चीत आत्याला बसवायचं, एका बाजूने पेटीवाल्याने उचलायचं, दुसऱ्या बाजूने ढोलकीवाल्याने. पावलं एकाच तालात टाकावी लागतात, नाहीतर आत्या कलते. खालून वॉचमन खुर्चीला हात लावतो, आणि आत्या त्याला लावू देते. वर भाकरीवर पांढरं फडकं झाकलेलं असतं. पाळकसाहेबांनी आता घड्याळ बघणं सोडलं आहे. आत्या येऊन टेकल्याशिवाय ते फडकं काढत नाहीत, आणि कुणी त्याबद्दल कुरकुरतही नाही.

परवा पेटीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला की आत्या हल्ली फार हलकी लागते. ढोलकीवाल्याच्याही हाताला ते कळलं असणार, कारण जन्मभर सगळ्यांना घाई करत आलेला तो माणूस आता शेवटच्या पायऱ्यांवर आपणहून संथ होतो. त्या पायऱ्या संपूच नयेत असं मलाही मागून चढताना वाटत असतं. आत्याला मात्र ते खपत नाही. ती त्याच्या हातावर चापट मारते आणि म्हणते, "चल रे लवकर. सगळे खोळंबलेत."