शालीखालचा हात

शेठने खुर्चीचे हात रुमालाने पुसले, मग बसला. त्या खुर्चीतून माझे बाबा नुकतेच उठले होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मीरा रोडला माझ्या चित्रकार सरांचा स्टुडिओ होता आणि मी त्यांचा मदतनीस. शेठच्या वारलेल्या वडिलांचं तैलचित्र शाळेच्या हॉलसाठी चाललं होतं. फोटो फक्त छातीपर्यंतचा. हातांसाठी कोणीतरी बसायला हवं होतं, म्हणून मी बाबांना आणलं. त्यांचं आयुष्य भाईंदरच्या मिठागरात गेलं. शेठच्याच.

हात मी रंगवले. मिठाने फाटलेली कातडी ब्रशने येईना. रंगाच्या बोथट सुरीने जाड रंग थापला, ओला असतानाच त्यात भेगा ओढल्या. बोट फिरवलं तर खरखर लागावी. तसं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

शेठ चित्राजवळ गेला. "माझ्या वडिलांना मजुराचे हात लावले?" मग बाबांकडे बघून, "हा कोण?"

मी म्हणालो, "मॉडेल आहे."

बाबा चपला शोधायला लागले.

सरांनी हात खरवडून गुळगुळीत करायला सांगितलं. उजव्याचा रंग ओला होता, सालीसारखा निघाला. त्या जागी मी लोण्यासारखा हात काढला. शेठ खूश. बाबा दारातून बघत होते.

"मना राग न्हाय, बाला. तुजं काम हाय, कर."

डावा आधी रंगवलेला, वाळून टणक झालेला. सुरीला जोर लावावा लागणार होता. मी लावला नाही.

"हा नाही खरवडणार. हे माझे वडील आहेत."

"मग उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

"उद्या कशाला," म्हणालो आणि सुरी ठेवली.

नंतर सरांनी डाव्या हातावर शाल रंगवली.

ही नकाराची गोष्ट मी खूप ठिकाणी सांगितली, टाळ्या घेतल्या. 'मॉडेल आहे' हे दर वेळी गाळलं. खरवडलेला उजवा हातही गाळला. बाबा वारले तेव्हाही हे कोणाला सांगितलं नाही.

चित्र अजून शाळेच्या हॉलमध्येच आहे. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की शालीवर भेगा उठतात. जाड रंग पातळ रंगाखाली झाकला जात नाही.

त्या शाळेने मला पाहुणा म्हणून बोलावलंय. शेठची मुलं पहिल्या रांगेत असतील. असू देत. मी टॉर्च घेऊन जाणार. पोरांना चित्राजवळ बोलावणार, बाजूने उजेड पाडणार आणि सांगणार, शालीखाली माझ्या बापाचा हात आहे. दुसरा मी खरवडला.