दोन फ्रँकचा अलर्ट

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या स्टेशनवर लघवीला जायला दोन फ्रँक पडतात. दारात फाटक असतं. त्यावर कार्ड टेकवायचं, मग ते उघडतं. मी कार्ड टेकवलं आणि आत गेले. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या हातात फोन टिंग करून वाजला.

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा तो स्क्रीन वाचत होता. मोठ्यानं. दवंडी पिटल्यासारखा.

"मंडळी, आमच्या सौ. जाऊन आल्या! दोन डॉलर छत्तीस सेंट! म्हणजे दोनशे रुपये! दोनशे रुपयांची सू!"

आमच्यासोबत सहलीला आलेली केतकी हसली. तिचा नवरा निनाद हसला. माझी सहा वर्षांची लेक हसली, कारण तिचा बाबा हसत होता. मीही हसले. हे सांगायला लाज वाटते, पण हसले.

ते कार्ड माझं नव्हतं. नाव माझंच होतं त्यावर. पण खातं त्याचं, बिल त्याचं आणि अलर्ट त्याच्या फोनवर. आम्ही अमेरिकेत सांता क्लाराला राहतो. तिथे मी इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबिरीची जुडी घेतली की त्याला ऑफिसच्या मीटिंगमध्ये कळतं. चार वर्षं हे असंच चाललंय. तो कंजूष नाही. हे मुद्दाम सांगते, नाहीतर लोक म्हणतील, चिकट नवऱ्याची कहाणी आहे. त्यानं मला कधी नाही म्हटलं नाही. पण नाही म्हणायचा हक्क त्याचाच आहे, हे तो मला विसरू देत नव्हता.

आणि मी कोण होते? नागपूरच्या एका सहकारी बँकेत सात वर्षं कॅशियर. माझे बाबा एसटीत कंडक्टर, त्यामुळे सुट्टे पैसे मोजायला मी बाराखडीच्या आधी शिकले. काउंटरवर रोज लाखांत रक्कम हातावेगळी करायचे. खोटी नोट बोटाला कळायची. संध्याकाळी दहा रुपये कमी भरले तर स्वतःच्या पर्समधून भरायचे. कारण पर्स होती आणि तिच्यात माझे पैसे होते.

लग्नानंतर चार वर्षांनी अमेरिकेत आले, नवऱ्याच्या व्हिसावर. सरकारी भाषेत मी डिपेंडंट. या सहलीसाठी युरोपचा व्हिसा काढला तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता, प्रवासाचा खर्च कोण करणार? 'अर्जदार स्वतः' असा चौकोन होता. त्यानं माझ्या वतीनं दुसऱ्या चौकोनात खूण केली. मी फक्त सही केली. सही करताना काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही तळ्याकाठी बसलो. नवऱ्यानं बिअर मागवली. नऊ फ्रँकची. मी वाट पाहत होते, आता म्हणेल, मंडळी, नऊशे रुपयांची बिअर! नाही म्हणाला. निवांत पीत बसला. मग दुसरी घेतली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याची बिअर फ्रँकमध्ये असते आणि माझी लघवी रुपयांत.

आता केतकीचं सांगते. खरं सांगायचं तर ही गोष्ट तिच्यावर जळण्याचीच आहे.

केतकी पुण्याची. सांता क्लारामध्येच नोकरी करते, निनादइतकंच कमावते. कदाचित जास्त. स्वभावानं वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, जळायला सोपं गेलं असतं. ती कॉफी घ्यायची. फोन मशीनला टेकवायची, किंमत न बघता. अर्धी कॉफी तशीच टाकून उठायची. एकदा दुकानासमोरून जाताना म्हणाली, "हा स्कार्फ क्यूट आहे ना?" आणि आत गेली. आम्ही बाहेर थांबलो. मी निनादच्या हातातल्या फोनकडे बघत होते. फोन वाजला नाही. कोणाचाच फोन वाजला नाही. ती स्कार्फ गळ्यात घालून बाहेर आली आणि निनाद म्हणाला, "छान दिसतोय." एवढंच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो स्कार्फ नको होता मला. डोंगर, बर्फ, तळी, काही नको होतं. मला ती शांतता हवी होती. पैसे खर्च झाले आणि कुणालाही कळलं नाही, ती.

रात्रंदिवस मी तिच्यावर नजर ठेवून होते. एकदा तिकिटाच्या मशीननं तिच्या कार्डाचा पिन मागितला. अमेरिकन क्रेडिट कार्डांना बहुतेक वेळा पिन नसतोच. मशीननं कार्ड परत दिलं. देवाशपथ सांगते, मला उकळ्या फुटल्या. आता हिलाही नवऱ्याकडे हात पसरू दे, असं वाटलं. केतकी म्हणाली, "अरेच्चा," आणि पर्समधून दुसरं कार्ड काढलं. तिच्याकडे दोन होती. दोन्ही तिची. माझी उकळी तिथेच निवली.

पुढच्या गावात लेकीला एका दुकानात लाकडी गाय आवडली. छोटी, गळ्यात घंटा असलेली. मी पर्समध्ये हात घातला. तिनं गाय परत फळीवर ठेवली. माझ्याकडे बघून अगदी समजूतदारपणे म्हणाली,

"मम्मा, डोन्ट बाय इट. बाबाज फोन विल रिंग."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडतोय, छत्री घे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. माझी लेक हे शिकली होती. बाईनं काही घेतलं की कुठल्यातरी पुरुषाच्या खिशात घंटा वाजते. आणि शिकवलं कुणी? मीच. रोज हसून.

मी गाय घेतली. फोन वाजला असणार.

संध्याकाळी जेवायला एका छोट्या हॉटेलात गेलो. वितळलेलं चीज, ब्रेडचे तुकडे, चौघांच्या गप्पा. बिल द्यायची पाळी आमची होती. वेट्रेसनं मशीन नवऱ्यासमोर धरलं. स्क्रीनवर दोन पर्याय होते, डॉलर की फ्रँक. त्याचं बोट डॉलरकडे निघालं.

मी म्हणाले, "अहो, फ्रँक दाबा. डॉलर दाबलं की हे लोक त्यांचा रेट लावतात. जास्त पडेल."

तो हसला. "हे तुझ्या नागपूरच्या पतसंस्थेत शिकवलं वाटतं? कोथिंबिरीचा हिशोब नाहीये हा. डॉलर आपली करन्सी आहे यार."

पतसंस्था नव्हती ती. बँक होती. त्याला माहीत होतं.

केतकी स्वतःच्या फोनमध्ये बघत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही रे, फ्रँकच दाब. कन्व्हर्जनमध्ये गंडवतात."

"ओह, राइट! थँक्स केतकी. वाचलो." आणि त्यानं फ्रँक दाबलं.

शब्द तेच होते. माझ्या तोंडातून निघाले तेव्हा त्याला कोथिंबीर आठवली. तिच्या तोंडातून निघाले तेव्हा अक्कल. सात वर्षं काउंटरवर बसून मी जे शिकले ते तिनं फोनमध्ये बघत, मान खाली घालून सांगितलं आणि खरं ठरलं. त्या क्षणी मी तिच्यावर जेवढी जळले तेवढी आयुष्यात कुणावर जळले नाही. आणि त्या जळण्यातच मला समजलं की त्याला माझं ज्ञान ऐकूच येत नव्हतं. ज्याच्या खात्यात काही नाही त्याचं ऐकायचं कशाला? तिचं ऐकलं जातं, नेमकं हेच मला केतकीचं हवं होतं, आणि ते पर्समधूनच येतं.

मी पर्स उघडली. कार्ड काढलं. त्याच्या ताटाशेजारी, ब्रेडच्या तुकड्यांत ठेवलं.

"हे तुझं आहे. ठेव तुझ्याकडे."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. चारचौघांत मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"अगं, काय हे? सीन नको करूस. मजा करत होतो यार."

"मी मजेसाठी मुतायला गेले नव्हते," मी म्हणाले.

निनादनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. केतकीनं पहिल्यांदा फोन उलटा करून टेबलावर ठेवला. वेट्रेसला मराठी येत नव्हतं, पण ती पावती ठेवून पटकन निघून गेली.

सहलीचे तीन दिवस उरले होते. ते मी एक फ्रँक हातात नसताना काढले. हॉटेलचा नाश्ता पोटभर खायचे, दुपारी भूक नाही म्हणायचे. शहाणपणा नव्हता तो, हट्ट होता. मला कबूल आहे. स्टेशनवरच्या त्या फाटकाशी केतकी म्हणाली, "थांब, मी टॅप करते. प्लीज, डोन्ट बी सिली."

"नको," मी म्हणाले.

तिची दया नको होती मला. तिची जागा हवी होती. मी कळ सोसून उभी राहिले आणि गाडी आल्यावर गाडीतल्या संडासात गेले. गाडीत फुकट असतं.

सांता क्लाराला आल्यावर मी कपाटाचा खण उघडला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातली एक मंजुरी दोन वर्षांपूर्वीच आली होती, तिचा कागद तिथे होता. ती आली की बायकोला काम करायची परवानगी मागता येते. तो तेव्हा म्हणाला होता, "डे-केअरची फी किती, तुझा पगार किती? जमत नाही." बेरीज-वजाबाकी त्यानंच केली होती आणि उत्तरही त्यानंच काढलं होतं. कॅशियर घरात असताना.

मी भावाला नागपूरला फोन लावला. माझी जुनी बचत त्याच्याकडे होती.

"काऊन ताई, काय झालं? किती पाठवू?"

"सगळे."

पासपोर्ट घेऊन बँकेत गेले. खातं उघडलं. काउंटरपलीकडच्या मुलीनं विचारलं, जॉइंट की सिंगल? मी म्हणाले, सिंगल. मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स काढली, लग्नाचा दाखला काढला, फॉर्म भरला. या वेळी खुणा मी स्वतः केल्या. परवानगी यायला महिने लागतील. नोकरी मिळेल का, ठाऊक नाही. चार वर्षांचा खंड आहे मध्ये, आणि इथे नागपूरच्या सहकारी बँकेला कोण विचारतो? केतकीवर मी अजून जळते. ते विझू देणार नाही.

फॉर्म पोचल्याचं पत्र आलं तेव्हा लेक ती लाकडी गाय घेऊन टेबलापाशी बसली होती. नवऱ्यानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"फी भरलीस? कुठल्या कार्डवरून?"

"तुला अलर्ट आला का?"

"नाही."

"आता येणारही नाही," मी म्हणाले. लेकीकडे बघून म्हणाले.