काळं बूड

माझ्या घरची भांडी अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध आहेत. बूड लख्ख नसेल तर भांडं घासलंच नाही, असं मी मानते. दुसऱ्याकडे चहाला गेले तरी माझी नजर आधी मोरीत जाते. जित्याची खोड, काय करणार! याच खोडीनं गेल्या वर्षी माझ्या लेकीचं ग्रीसमधलं काम जवळजवळ बुडवलं होतं.

लेक पुरातत्त्व शिकते. सहा आठवडे ग्रीसला जाऊन तिथला जुना वारसा हाताळून शिकायचा, अशा अभ्यासक्रमासाठी तिची निवड झाली. घरात दीर-जावांपासून सगळ्यांचं एकच, "पोरीले इतक्या दूर कायले पाठवता? खापरं पाहाले?" पाठवायचंच म्हणून मी अडून बसले. माझं शिक्षण बारावीनंतर सुटलं. माहेर मंगरूळपीरकडचं, सासर रिसोड, आणि फार तर अकोल्याचा दवाखाना, एवढाच माझा प्रवास. ती गेली, आणि मी रोज देवाला म्हणायचे, रिकाम्या हातानं परत येऊ देऊ नकोस, नाहीतर ही माणसं मला जन्मभर ऐकवतील.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला खापरांचा एकेक ट्रे दिला होता. तुकडे जुळवून भांडं उभं करायचं आणि शेवटच्या दिवशी गावासमोर मांडायचं. दुपारच्या सुट्टीत लेकीनं व्हिडिओ कॉल लावला.

"आई, एक तुकडा कुठंच बसून नाही राह्यला."

"दाखव बरं."

सगळे तुकडे तांबूस आणि त्यात एकच काळाकुट्ट. मी तेव्हा सुपात तुरीची डाळ निवडत होते. त्याच तोऱ्यात सांगितलं, "काढ थो. डाळीतला खडा हाय थो. दुसऱ्या भांड्याचा असंन."

आईवर विश्वास! तिनं तो उरलेल्या तुकड्यांच्या टोपलीत टाकून दिला.

दोन दिवसांनी भांडं उभं राहिलं, पण बुडाला तळहाताएवढं भोक. खरं तर उभंही राहत नव्हतं, कलंडत होतं. "बाकीच्यायचे झाले, माझंच राह्यलं," म्हणून पोरगी फोनवर हमसून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या बांधून शहरातल्या कोठारात जाणार होत्या आणि संध्याकाळी मांडणी होती. मी धीर दिला, पण मला स्वतःलाच झोप लागली नाही.

इकडे आमचं सिलिंडर संपलेलं. शेतात निंदणाला आलेल्या बायांसाठी मी मागच्या पत्र्याखाली चुलीवर डाळभाजी केली होती. घाईत गंजाच्या, म्हणजे पितळी पातेल्याच्या, बुडाला राखेचा लेप द्यायचा राहिला. सकाळी तो गंज घासायला घेतला आणि हात थांबला. वरून पिवळंधमक पितळ, खाली कोळशासारखं काळं, आणि भांडं एकच! चुलीवर रांधलं की बूड काळं होणारच. एवढी साधी गोष्ट मला समजायला सिलिंडर संपावं लागलं.

तसाच राखेच्या हातानं फोन लावला. लेक फोन घरीच विसरून गेली होती. ती जिच्याकडे राहायची, त्या म्हाताऱ्या बाईनं उचलला. आमची दोघींची ओळख रोज हात हलवण्यापुरती. लेक मांस खात नाही म्हणून ती सहा आठवडे वेगळी वांगी, वेगळ्या शेंगा शिजवत होती. तिचे ते उपकार मी कधी विसरणार नाही.

मी गंजाचं बूड तिला दाखवलं. ती हसली, आत गेली आणि स्वतःची काळी कढई घेऊन आली.

"तसं नाही वं माय!" मी ओरडले. छपरावरून अंगणात पडलेल्या फुटक्या कवेलूचा तुकडा उचलला आणि गंजाच्या बुडाला लावून दाखवला. लेकीचं आदल्या दिवशीचं रडं तिनंही पाहिलं असणार. तिचे डोळे एकदम मोठे झाले. कढई ठेवली, चपला सरकवल्या आणि फोन हातात धरून निघाली.

मग मी रिसोडात उभी राहून तिच्याबरोबर त्या गावातून चालले. कधी भिंत, कधी आभाळ, कधी तिची हनुवटी. बाई धापा टाकत होती, पण थांबली नाही.

कामाच्या जागी पोचल्यावर लेकीनं फोनवर माझं तोंड पाहिलं आणि घाबरली. "काय झालं? बाबा बरे हायेत ना?"

"बाबाले काय होते! थो काळा तुकडा काढ. खडा नाही, बूड हाय थो!"

तिला शिकवणाऱ्या मॅडम टोपलीला दोरी बांधत होत्या. लेकीनं टोपलीकडे बोट दाखवताच त्यांनी गाठ सोडली. मला आजही वाटतं, त्यांना ते आधीच दिसलेलं असणार. लेकीनं तुकडा शोधला, उलटा केला. आतून तो इतरांसारखाच तांबूस होता. भोकाला लावला आणि बसला. म्हातारीनं टाळ्या पिटल्या. मॅडमनी स्क्रीनकडे पाहून छातीवर हात ठेवला. मी राखेचेच हात जोडले.

लेक परत आली तेव्हा तिनं मांडणीचा फोटो दाखवला. भांडं मुद्दाम आडवं ठेवलेलं, काळं बूड लोकांकडे. खालच्या चिठ्ठीवर तीन नावं होती, लेकीचं, म्हातारीचं आणि माझं. माझे डोळे भरून आले, पण तोंड कुठं गप्प बसतं?

"तुकडा कोणं फेकाले लावला, थेही लिव्हा लागत होतं."

लेक हसली. "आई, त्या जुन्या काळच्या बाईनं तुह्यासारखं बूड घासलं असतं ना, तर तिनं याच्यात रांधलं हे कोणाले समजलंच नसतं."

चिठ्ठीवर त्या रांधणाऱ्या बाईचं नाव नव्हतं. असणार कुठून? मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

परवा शेजारीण चहाला आली. तिची नजर थेट मोरीत.

"काहून वं, गंज काळाच ठेवला?"

"राहू दे," मी म्हटलं. "कोणीतरी रांधलं होतं, हे समजाले पायजे."