तब्येतीचं कारण

माझ्या सासूबाई एके काळच्या सिनेनटी होत्या, हे मी लग्नानंतर बरीच वर्षं ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं की लोक आधी माझ्याकडे नीट बघत आणि मग म्हणत, "तुम्ही त्यांच्या सून? वाटत नाही हं." यात वाईट काही नाही. पण मला ते लागायचं. आता लिहायला बसलेच आहे, तर तेही लिहून टाकते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोल्हापूरकडच्या. वडील फिरत्या नाटक कंपनीत पेटी वाजवायचे, त्यामुळे बाराखडीच्या आधी त्यांना पदं येत होती. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या घोळक्यात उभी असलेली गावातली मुलगी, हे त्यांचं सिनेमातलं पहिलं काम. दोन-तीन वर्षांत त्या पोस्टरवर आल्या. काळ्या-पांढऱ्या पडद्याचा जमाना. कधी सोशिक सून, कधी तमासगिरीण, आणि एकदा सावकाराला भर चावडीत चाबकानं फोडून काढणारी विधवा. त्या सीनला थेटरात टोप्या उडायच्या म्हणे. ऐन भरात असताना त्यांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांशी लग्न केलं आणि कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. सासूची एकच अट होती: पुन्हा तोंडाला रंग लावायचा नाही.

"अट कसली," आई सांगायच्या, "सासूबाईंनी नारळ दिला मला. तोही ओटीत घालून."

हे सांगताना त्या हसायच्या. सगळे हसायचे. मीही.

सासरे गेल्यावर आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला, तोवर ती अट पाळायला लावणारं कुणी उरलं नव्हतं. आई वाट बघत होत्या. तसं त्या कधी बोलल्या नाहीत, पण घरात राहणाऱ्याला दिसतंच की. सोसायटीतल्या बायका केस रंगवायच्या, आईंनी नाही रंगवले. "उद्या आजीचं काम आलं तर? टोपाखाली घामाच्या धारा लागतात, तुम्हाला काय माहीत." टीव्हीवर एकेक नवं चॅनेल येत होतं, प्रत्येकाला मालिका हव्या होत्या आणि मालिकांना म्हाताऱ्या. बाहेरून आल्या की चपला काढता काढता विचारायच्या, "फोन होता का गं कुणाचा?"

सकाळी त्या बाल्कनीत नातीला घेऊन बसायच्या आणि पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचायच्या. वाचायच्या म्हणजे काय, करून दाखवायच्या. 'दोन खोल्या भाड्याने देणे, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य' हे पदर तोंडाशी धरून, हुंदके देत. 'स्कूटर विकणे आहे, एकहाती वापर' हे मिशीला पीळ भरत. माझी मुलगी हसता हसता दूध सांडायची. खालच्या मजल्यावरचे काका मान वर करून विचारायचे, "आज कुठला खेळ?"

"स्कूटर!" आई वरून सांगायच्या. "फुकट बघताय, निदान टाळ्या तरी वाजवा."

फोन आला तेव्हा शनिवार होता. आई नातीला घेऊन भाजीला गेल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरात होते.

"बाई आहेत का?" पलीकडून कुणीतरी विचारलं. जुन्या नटीला सिनेमातले लोक 'बाई' म्हणतात, हे मला आईंमुळे ठाऊक होतं. सिनेमाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव त्यानं भराभर सांगितलं. शूटिंग भोरच्या बाजूला, दीड महिना. "आजीचाच सिनेमा आहे हो हा. आमच्या सरांनी बाईंशिवाय दुसरं नाव काढलेलं नाही."

तेव्हा माझी कंपनी वायटूकेच्या कामात बुडालेली होती. सहस्रक बदललं की जगातले सगळे संगणक गोंधळणार म्हणत होते, आणि ते निस्तरायला पुण्यातून माणसं निघाली होती. ऑनसाइट जाणाऱ्यांत आमच्या टीममधून माझं नाव लागलं होतं. तीन महिने अमेरिका. व्हिसा झालेला. नवरा चिंचवडला कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. मुलगी चार वर्षांची. सगळा डोलारा आईंवर उभा होता.

"त्यांची तब्येत बरी नसते," मी म्हणाले.

"अरेरे. काय होतंय बाईंना?"

"वय झालं."

"आम्ही गाडी पाठवू की. सेटवर डॉक्टर ठेवू. निदान एकदा बोलणं झालं असतं..."

"त्यांना उगाच आशा लावू नका. पुन्हा फोनही करू नका, प्लीज."

फोन ठेवला तेव्हा आमटीला उकळीसुद्धा आली नव्हती.

आई आल्या. कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "फोन होता का गं कुणाचा?"

"नाही."

मुलीसाठी केलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नवऱ्याला रजा मागता आली असती. माझी आई नगरहून येऊन राहिली असती. दिग्दर्शकाशी तारखांचं बोलता आलं असतं. यातलं काहीही मी करून बघितलं नाही, कारण मला करायचं नव्हतं. आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस आईंना बघायला यायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच नातेवाईक माझ्याबद्दल विचारत होते: कधी निघणार, कुठल्या गावी, थंडी किती असते. ते मला कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं. बस. एवढंच होतं.

मी गेले. आईंनी घर असं सांभाळलं की बोट ठेवायला जागा नाही. रविवारी फोन केला की म्हणायच्या, "इकडची काळजी करू नकोस. मन लावून काम कर. मिळतंय तोवर करून घ्यावं माणसानं."

सिनेमा दुसऱ्या एका बाईंना घेऊन झाला. गाजला. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसून बघत होतो. आई अगदी पुढे सरकून बसल्या होत्या.

"चांगलं केलंय हो," त्या म्हणाल्या. "फक्त मुलगा परत येतो तिथं दार उघडताना रडायला नको होतं. म्हातारी बाई दार उघडून आधी रडत नाही. आधी त्याच्या पायाकडे बघते, चपला झिजल्यात का म्हणून."

मी चहा टाकायला उठले.

त्याच्या दुसऱ्या वर्षी एका संस्थेनं जुन्या कलाकारांचा सत्कार ठेवला. आई व्यासपीठावर, आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत. पाहुणे म्हणून नेमके तेच दिग्दर्शक आले होते. आईंना शाल पांघरवून झाल्यावर ते माईकवर म्हणाले, "माझ्या सिनेमातली आजी मी बाईंसाठी लिहिली होती. आम्ही घरी फोनही केला होता. पण तब्येतीमुळे त्यांना जमलं नाही. ही चुटपुट मला जन्मभर राहील."

नवरा माझ्या कानाशी लागला, "काहीतरी घोळ होतोय ह्यांचा." मी मान हलवली.

आईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांची वेळ आली तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तब्येतीचं म्हणाल, तर घरच्यांनी फार जपली माझी." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना नवरा आणि मुलगी स्कूटरवर, आम्ही दोघी रिक्षात. बराच वेळ आई सत्काराचा हार गुंडाळत बसल्या होत्या.

"कधी आला होता फोन?"

"मी अमेरिकेला जायच्या आधी."

"हं." मग बाहेर बघत, "भोरला होतं म्हणे शूटिंग. जवळच की."

पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर मनातल्या मनात वाचला. मुलगी मागे लागली, "आजी, जाहिरात कर ना." आईंनी चष्म्यावरून माझ्याकडे एक नजर टाकली. "नाही गं बाळा. माझी तब्येत बरी नसते."

तेव्हापासून ते वाक्य घरात राहायलाच आलं. खालच्या काकांनी विचारलं, खेळ बंद का? तब्येत बरी नाही. लग्नाला येणार का? तब्येत बरी नाही. कमरेवर एक हात, अर्धा उसासा, आणि आवाज किंचित खाली. समोरच्याला खरंच काळजी वाटायची. मला एकटीला कळायचं की हे काम मी दिलेलं आहे आणि त्या ते चोख करताहेत. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी रोज ठरवायची, आज पाय धरायचे. घरी येऊन कुकर लावायची.

केस मात्र त्यांनी तेव्हाही रंगवले नाहीत.

पुढच्या श्रावणात एका सकाळी मी डबा भरत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकटीला धरून. "आज तब्येत बरी नाही गं," म्हणाल्या. कमरेवर हात नव्हता, उसासाही नव्हता. हे मला आज आठवतं. तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "कळलं हो आई, किती दिवस ऐकवणार?" आणि बस पकडायला गेले.

मुलगी शाळेतून आली तेव्हा आई बाल्कनीतल्या खुर्चीत एका बाजूला कलंडलेल्या होत्या.

दवाखान्यात पोचले तोवर त्या शुद्धीवर आल्या होत्या. डावी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. नवरा त्यांचा हात धरून उभा होता. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं असतं तर बराच फरक पडला असता. सकाळी काही तक्रार केली होती का त्यांनी? चक्कर, मुंग्या, काहीही?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. सकाळी घरात मीच होते.

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी वाकून आईंना विचारलं, "आजी, सकाळी त्रास होत होता का? कुणाला सांगितलं होतंत?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे बघून मान हलवली. नाही. इतकी सहज, की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

नवऱ्याला अजून वाटतं.